बिनचष्म्याचे नाना

डोळे तपासणारा माणूस खोली शोधत यावा आणि त्याला घर मिळावं ते चष्म्याच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याचं, हा योग माझ्याच पत्रिकेत लिहिलेला होता. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मी जुन्नर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झालो. डॉक्टर म्हणून नव्हे. लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढायचा, शाळाशाळांतून पोरांचे डोळे तपासायचे, मोतीबिंदूचे पेशंट हेरून ऑपरेशनला पाठवायचे, एवढं माझं काम. खोलीसाठी गेलो तेव्हा घरमालक ओट्यावर बसले होते. साठी ओलांडलेला, ताडमाड उंचीचा, धोतर-टोपीतला माणूस. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या चष्म्याकडे बघून घरात कोणी गेल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाले, "एवढ्या तरण्या वयात डोळ्याव भिंगं? अरारा! आईनं दूध पाजलं न्हाई का?"

मी म्हटलं, "पाजलं की. पण नंबर घराण्यातच आहे, त्याला दूध काय करणार?"

"मग घरानं बदला," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'चष्मेवालं पावणं' झालो आणि तिथून निघेपर्यंत पावणंच राहिलो.

नानांना आपल्या नजरेचा भयंकर गर्व होता. ओट्यावरून समोर लेण्याद्रीचा डोंगर दिसे. सकाळचा चहा हातात घेऊन नाना त्या डोंगराकडे बघत आणि तिथली बातमी देत. "आज पायऱ्यांव लाल पातळ हाय. संगं एक म्हातारं हाय, बसतंय-उठतंय." खरं-खोटं करायला लेण्याद्रीला कोण जाणार? फाट्यावर एसटी वळली की आल्यागेल्याला तिची पाटी वाचायला लावण्याचा त्यांना नाद होता. पाहुणा अडखळला की नाना स्वतः खणखणीत आवाजात वाचून दाखवत. त्यांना त्या रस्त्याचं सगळं वेळापत्रक पाठ होतं, हे मला फार उशिरा कळलं. एरवी पाटी तेही वाचत असतील, नाही असं नाही. पण एकदा गाडी बदलून आली आणि नारायणगावच्या गाडीला त्यांनी घोडेगावची म्हणून सलामी दिली, तेव्हा मी गालातल्या गालात हसलो होतो.

जवळचं मात्र त्यांना अजिबात दिसत नसे. पेपर आला की नाना तो वाचत नसत, वाळत घालत. अंगणात कपड्यांची दोरी होती. तिच्यावर चिमटे लावून पेपर टांगायचा, आपण मागे सरायचं आणि हात पाठीमागे बांधून, मान वर करून वाचायचं. वारा आला की पेपर डोले आणि त्याच्याबरोबर नानाही डोलत. पान उलटायचं झालं की काकूंना हाक. काकू, म्हणजे नानांची बायको, तव्यावर भाकरी टाकून यायच्या, पान उलटायच्या आणि जाताना ऐकवायच्या, "चाळिशी लावा म्हनलं की जीव जातोय, अन् पेपर मातर पताकंवानी लावायचा."

मी समजवायला जाई. "नाना, चाळिशी लागणं हा काही रोग नाही. डोळ्याच्या आत एक भिंग असतं. ते वयानं ताठरतं. जवळचं बघायला जेवढं फुगावं लागतं, तेवढं मग ते फुगत नाही. लांबचं दिसतं, जवळचं नाही. सगळ्यांचंच होतं."

"ताठारलंय आमचं शेजार. भिंग बरं हाय," नाना म्हणत.

चष्मा म्हणजे डोळ्याची कुबडी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा कुबडी दिली की पाय आळशी होतो, तसा डोळा आळशी होतो आणि नंबर वाढतच जातो, असं ते पैजेवर सांगत. मी कितीदा सांगितलं की नंबर वाढायचा तो चष्मा घातला तरी वाढतो आणि नाही घातला तरी वाढतो; चष्म्यानं फक्त माणसाला दिसतं. पण उपाय त्यांच्याकडे तयार असत. पहाटे दवात अनवाणी चालायचं. रात्री तळपायाला गाईचं तूप चोळायचं. आणि महिन्यातून एकदा डोळ्यात कांद्याचा रस. हा शेवटचा उपाय त्यांनी माझ्यासमोर केला तेव्हा मी ओरडलोच. डोळे टोमॅटोसारखे लाल झालेले, पाण्याच्या धारा लागलेल्या, आणि नाना म्हणताहेत, "बगा कसा मळ निगतोय!"

त्यांच्या या तत्त्वज्ञानाचा मला धंद्यात त्रास होई. राजुरीच्या शाळेत मला एक मुलगी सापडली होती. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची आणि त्यासाठी बाईंचा मार खायची. तिला चष्मा मिळाला. चष्मा लावून तिनं पहिल्यांदा बाईंकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या साडीव मोर हायेत व्हय!" बाईंना रडू आलं. आणि आठ दिवसांत तिचे वडील चष्मा परत करायला माझ्या खोलीवर हजर. पोरीच्या जातीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचं काय? ओट्यावरून नाना त्यांच्याच बाजूनं बोलायला लागले. त्या दिवशी मला एवढा राग आला की मी नानांना त्यांच्याच भाषेत धरलं.

"नाना, बैलगाडा कळतो ना तुम्हाला? मग ऐका. डोळ्याच्या मागच्या बाजूला एक पडदा असतो. ती तुमची शर्यतीच्या घाटावरची पांढऱ्या फक्कीची रेघ. बाहेरून येणारं चित्र बरोब्बर त्या रेघेवर येऊन थांबलं पाहिजे, तर दिसतं. माझ्या डोळ्यात आणि या पोरीच्या डोळ्यात गाडा रेघेच्या अलीकडेच थांबतो. म्हणून आम्हाला लांबचं धूसर. कोणाकोणाचा रेघ ओलांडून पुढे जातो. कोणाचा गाडा तिरका, एक चाक पुढे एक मागे, त्याला रेघ न् रेघ वेडीवाकडी. चष्मा एवढंच करतो, गाडा रेघेवर आणून उभा करतो."

नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्या बापाला म्हणाले, "असं असंल तर ऱ्हाऊ दे चष्मा. गाडा रेघंला तर पोचाय पायजे." चष्मा पोरीकडे राहिला. नाना मात्र स्वतःसाठी एवढंच म्हणाले, "आमचा गाडा पोचतोय."

बैलगाड्याचा शब्द काढला की ते विरघळत, कारण त्यांचं खरं राज्य तिथे होतं. ज्यानं घाट पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्या त्या भागात गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा एकटाच चढण चढतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि अकरा-बारा सेकंदांत खेळ खलास. खालच्या रेघेशी एक जण निशाण धरून उभा असतो. बैलांनी रेघ ओलांडली की निशाण पडतं. वर घड्याळवाला त्या निशाणावर डोळा लावून असतो. निशाण पडलं की घड्याळ चालू, बैलांनी वरची रेघ ओलांडली की बंद. ठरलेल्या सेकंदांच्या आत येतील ते सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्याहून जास्त लागले ते दुसऱ्यात, असा हिशोब. हे घड्याळ आमच्या गावच्या यात्रेत वर्षानुवर्षं नानांच्या हातात होतं. आकडा त्यांना वाचता येत नसे, तो शेजारी उभा असलेला पंच वाची. पण बटणावरचा अंगठा नानांचा. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण घाटावरची भांडणं नातवंडांपर्यंत चालतात.

त्यांच्या अंगठ्यावर शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती. सख्ख्या मेव्हण्याचा गाडा एकदा थोडक्यात दुसऱ्या नंबरात गेला. मेव्हणा म्हणाला, "नाना, इतकं बी काय करडं वागायचं?" नाना म्हणाले, "तू दिवाळीला ये, तुला करंजी जादा वाढतो. सेकंद न्हाई." मेव्हणा त्या दिवाळीला आला नाही. काकूंनी तो राग बरीच वर्षं धरला होता आणि पान उलटायला आल्या की मधूनच काढत.

मग एका सकाळी चमत्कार झाला. मी आंघोळ करून बाहेर आलो तर दोरीवर पेपर नाही. नाना ओट्यावर बसलेले, पेपर मांडीवर, नाक अक्षरांजवळ, आणि जाहिरातीतली बारीक अक्षरं घडाघडा वाचताहेत. मला बघून त्यांनी पेपर असा फडकावला की मी दचकलो.

"चष्मेवालं पावणं! चाळिशी उतारली आमची! बगा, देवानं डोळं परत दिलं. दवानं दिलं, तुपानं दिलं. तुमच्या दवाखान्याला टाळं लावा आता."

काकूंनी पेढे वाटले. नाना लेण्याद्रीला जाऊन गणपतीपुढे नारळ फोडून आले. पंधरवड्यात आमच्या ओट्यावर म्हाताऱ्यांची रांग लागली. नाना एकेकाला लग्नपत्रिका वाचून दाखवत आणि तुपाची मात्रा सांगत. माझ्याकडून चाळिशी नेलेली माणसं ती परत आणून देऊ लागली. एक आजी तर म्हणाल्या, "तुमी अजून ल्हान हाये बाळा. नानांकडून शिका."

मला हसावं की रडावं कळेना. कारण हा चमत्कार मी दवाखान्यात वरचेवर बघत होतो. मोतीबिंदू काही लोकांना असा गोड बोलत येतो. डोळ्यातलं भिंग आतून घट्ट होत जातं, प्रकाश जास्त वाकवायला लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला अचानक चष्म्याशिवाय जवळचं दिसायला लागतं. माणूस हरखतो. तेवढ्यात लांबचं पळालेलं असतं.

माझी खात्री पटली ती संकष्टीला. लेण्याद्रीला त्या दिवशी ही गर्दी. माझ्या भिंगांतूनसुद्धा पायऱ्यांवर माणसांची ओळ वर सरकताना दिसत होती. नानांनी चहा घेतला, डोंगराकडे बघितलं आणि बातमी दिली, "आज चिटपाखरू न्हाई देवाला."

मी सांगून टाकलं. मोतीबिंदू, भिंग, लांबची नजर, सगळं. शेवटी म्हटलं, "नाना, यात्रा जवळ आली आहे. घाटाखालचं निशाण तुम्हाला दिसणार नाही. या वर्षी घड्याळ दुसऱ्या कोणाला द्या."

तोवर हसत असलेले नाना उठून उभे राहिले. "देवानं दिलं त्याला तुमी रोग म्हंता? मला घड्याळ सोडाय सांगता? ह्या हातानं मेव्हणा तोडलाय मी." त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बंबातलं गरम पाणी बंद झालं. काकू कालवण मात्र मागच्या दारानं पाठवत राहिल्या, वर सांगत, "तुमचं बरुबर हाय. रातीचं मलाच म्हनत्यात, कोन हाय तिकडं."

यात्रेच्या दिवशी सकाळी नाना माझ्या दाराशी आले. कोरं धोतर, गळ्यात काळ्या दोरीत ते घड्याळ. "चला पावणं. औंदा आकडा बी मीच वाचनार हाय. तुमच्या डोळ्यानं बगा."

घाटाच्या माथ्यावर मी त्यांच्या जवळच उभा राहिलो. पहिला गाडा सुटला, धुरळा उडाला, भंडारा उधळला, बैल रेघ ओलांडून गेले. नानांनी घड्याळ डोळ्यांशी नेऊन आकडा स्वतः वाचला आणि कर्ण्यावरून पुकारा झाला. टाळ्या पडल्या. दुसरा गाडा त्याहून जोरात. तिसरा पहिल्यातच. चौथा, पाचवा, सगळे पहिल्या नंबरात. लोक चक्रावले. "औंदा बैलांना झालंय काय राव?" कोणी म्हणे नवी पेंड, कोणी म्हणे घाटाची माती. तक्रार कोणाचीच नव्हती. ज्याच्या त्याच्या बैलाला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सेकंद मिळत होता, तक्रार करायला तो काय वेडा आहे?

निशाणाकडे बघणारे तिथे एकटे नानाच असत. बाकी सगळ्यांचे डोळे बैलांवर. मी मात्र नानांकडे बघत होतो. त्यांची मान खाली घाटाकडे नव्हती, जराशी कलती होती, आणि कान पुढे. निशाण पडे. मग खालची गर्दी ओरडे. तो ओरडा वर पोचला की नानांचा अंगठा हले. आवाजाला वर यायला लागणारा वेळ आणि वर नानांचा एक क्षण, तेवढं प्रत्येक गाड्याला फुकट मिळत होतं.

मी हळूच म्हटलं, "नाना, निशाण दिसतंय का?"

"आवाज येतोय ना? मंग झालं. गप ऱ्हावा." पण ते माझ्याकडे न बघता बोलले. त्यांना माहीत होतं हे मला तेव्हा कळलं.

दुपार झाली. ऊन मी म्हणत होतं. लोक सावलीला पांगले, बरेच जेवायला गेले. जनरेटरमध्ये पेट्रोल भरायला घेतलं होतं म्हणून कर्णा बंद होता. तेवढ्यात शिनोलीकडून आलेल्या एका गाड्याची पाळी लागली. त्या माणसाबरोबर त्याचा भाऊ आणि दोन-चार गडी, एवढीच माणसं. आमच्या घाटात तो पहिल्यांदाच आलेला. त्याच्यासाठी ओरडणार कोण?

निशाण पडलं. मी पाहिलं. बैल सुटले. कोणी ओरडलं नाही. नाना कान लावून उभे होते. खुरांचा आवाज जवळ आला तेव्हा त्यांनी दचकून मान वळवली, तोवर बैल वरची रेघ ओलांडून गेले होते. काय देखणे पळाले होते ते! नानांच्या हातातलं घड्याळ बंदच होतं.

शिनोलीवाला धापा टाकत वर आला. एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नाना, काय आला टाइम?"

जनरेटर सुरू झाला, कर्णा खरखरला, आणि पुकारणाऱ्यानं माईक नानांपुढे धरला. त्यांनी कुठलाही आकडा सांगितला असता तरी चाललं असतं. चांगला सांगितला असता तर तो माणूस नाचत गावी गेला असता. आख्ख्या घाटात त्यांचं खोटं ओळखणारा मी एकटा होतो, आणि मी बोललो नसतो.

नानांनी माईक हातात घेतला. "ह्या गाड्याचा टाइम न्हाई. मला निशाण दिसलं न्हाई." सावलीतले लोक उठून पुढे आले. "सकाळधरनं दिसत न्हाई. वरडा ऐकून बटण दाबत व्हतो. सकाळचं सगळं टाइम खोटं हायेत. बाद करा."

मग जो कल्लोळ झाला तो विचारू नका. पहिल्या नंबरात आलेले सगळे मालक अंगावर धावून आले. "म्हातारं सटकलं काय!" "आमचा टाइम बाद करनारं तुमी कोन?" एकानं तर नानांच्या गळ्यातली दोरी धरली. नानांनी स्वतःच घड्याळ काढून पंचांच्या हातात दिलं आणि जायला वळले. उन्हात त्यांना बाहेर जायची वाट सापडेना. ते गर्दी अडवायला बांधलेल्या दोरखंडापाशीच चाचपडत राहिले. मी पुढे होणार तेवढ्यात शिनोलीवाला मध्ये आला.

"पंच, माझी बारी पुन्ना घ्या. बैलं जरा दम खाऊ द्या, दिस कलल्यावं घ्या. पन निशाण नानांच्या हातात द्या. रेघ तर त्यांच्या पायाशीच असनार. ती दिसतीय ना, नाना?"

"दिसती," नाना म्हणाले.

"ज्यानं सोताचं नाव सोता मोडलं, त्याच्या हातानं सुटंल माझा गाडा."

कुरकुरत का होईना, सकाळचे गाडे बाद झाले. ज्यांचे बैल ताजे होते त्यांनी बारी पुन्हा घेतली, बाकीचे शिव्या देत घरी गेले. उन्हं उतरल्यावर शिनोलीचा गाडा पुन्हा जुंपला. खाली निशाण धरून नाना उभे होते, रेघेवर वाकून. मला वरून ते स्वच्छ दिसत होते. त्यांना वरचं काही दिसत नसणार. बैलांनी रेघ ओलांडली आणि निशाण असं पडलं, की त्याच्यावर घड्याळ लावावं. मला अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

गाडा थकलेला होता. पहिल्या नंबरात नाही, दुसऱ्यातही नाही. कर्ण्यावरून आकडा पुकारला गेला, शिनोलीवाल्यानं तो मान हलवत ऐकला. नाना घाट चढून वर आले, चालताना दोनदा ठेचकाळले, आणि त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "पाव्हण्या, दुपारी बैलं झ्याक पळाली व्हती तुझी. ते माझ्यापायी गेलं."

"दुपारचं ऱ्हाऊ द्या, नाना. ह्यो टाइम माजा हाय." त्यानं पिशवीतला उरलेला भंडारा मुठीत घेतला, बैलांना लावला आणि नानांच्या कपाळालाही लावला.

लोक पांगायला लागले. नाना माझ्याकडे आले. गळ्यात घड्याळ नव्हतं, कपाळ पिवळंधमक झालेलं. "पावणं," ते म्हणाले, "सोमवारी कितीला उघाडतो तुमचा दवाखाना?"

"नऊला."

"बरं." पुढे दगडगोट्यांचा उतार होता आणि सगळं गाव त्याच वाटेनं खाली चाललं होतं. नानांनी हात पुढे केला आणि सगळ्यांच्या देखत माझा हात धरला.